पासपार्तूचे घड्याळ

दर रविवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या घरी फोन येतो. मी तेव्हा पहिला चहा घेऊन गॅलरीत बसलेली असते. पलीकडे न्यू जर्सीत माझी अकरा वर्षांची नात शनिवारचे जेवण आटोपून अंथरुणात शिरलेली असते. पहिला प्रश्न दोन्हीकडून ठरलेला, “तुमच्याकडे किती वाजले?” उत्तर दोघींनाही पाठ आहे, तरी विचारल्यावाचून राहवत नाही. श्रावणातल्या एका रविवारी मात्र तिने तो विचारला नाही. आवाजात तक्रारीचा सूर होता.

“अगं आजी, फॉगला सॅन फ्रान्सिस्कोत कुणीच कसं सांगितलं नाही, की आज मंगळवार नाहीये, सोमवार आहे म्हणून?”

ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी तिने त्या आठवड्यात वाचून संपवली होती. मी ती प्रथम वाचली तिच्याच वयाची असताना, दिवाळीच्या सुट्टीत, एक हात फराळाच्या डब्यात आणि दुसरा एका संक्षिप्त मराठी रूपांतरावर ठेवून. पुढे इंग्रजी भाषांतर वाचले, आणि कॉलेजात कादंबरी शिकवताना कथानकाच्या बांधणीचा मासला म्हणून तिचा दाखला कितीदा तरी दिला. पण हा प्रश्न मला साठ-पासष्ट वर्षांत एकदाही पडला नव्हता. “बघून सांगते,” म्हणून मी वेळ मारून नेली आणि दुपारी कपाटातून पुस्तक काढले.

कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लंडनच्या रिफॉर्म क्लबातला फिलिअस फॉग नावाचा एक काटेकोर गृहस्थ ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी घालून येण्याची वीस हजार पौंडांची पैज लावतो. बुधवार, २ ऑक्टोबर १८७२ रोजी रात्री पावणेनऊच्या गाडीने तो निघतो, बरोबर पासपार्तू नावाचा नवा फ्रेंच नोकर. शनिवार, २१ डिसेंबरला रात्री पावणेनऊपर्यंत क्लबात परतायचे. प्रवास सगळा पूर्वेकडे. अनेक विघ्ने पार करून तो लंडनला पोहोचतो तेव्हा पाच मिनिटे उशीर झालेला असतो. पैज गेली असे समजून तो घरात बसून राहतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळते की आज रविवार नव्हे, शनिवार आहे. पूर्वेकडे जाताना सूर्याला सामोरे गेल्यामुळे प्रत्येक दिवस थोडा थोडा आखूड होत गेला, आणि फॉगच्या हिशेबात एक दिवस जास्तीचा आला. त्याने ऐंशी वेळा सूर्य माथ्यावर आलेला पाहिला, लंडनकरांनी एकोणऐंशी वेळा. धावतपळत तो क्लबात शिरतो आणि शेवटचे मिनिट पुरे व्हायला तीन सेकंद असताना पैज जिंकतो.

ही युक्ती व्हर्नची पहिली नव्हे. मॅगेलनच्या तांड्यातले उरलेले खलाशी १५२२ साली पश्चिमेकडून फिरून केप व्हर्डच्या बेटांपाशी आले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. एडगर ॲलन पोने १८४१ साली एकाच आठवड्यात तीन रविवार आणून एका प्रेमिकाचे लग्न जुळवून दिले. व्हर्नने पो वाचलेला होता. पण पोची गोष्ट ही गमतीची गोष्ट. व्हर्नने त्या गमतीला आगगाडीची वेळापत्रके, बोटींचे सुटण्याचे दिवस आणि बँकेच्या नोटा जोडल्या. सुएझचा कालवा आणि अमेरिकेचा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८६९ मध्ये पुरे झाले होते. जग प्रथमच एका माणसाच्या डायरीत मावण्याएवढे झाले होते. कादंबरी १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पॅरिसच्या ज्या दैनिकात क्रमशः आली त्याचे नाव ‘ल ताँ’. म्हणजे ‘काळ’. पात्रांचा प्रवास आणि वाचकांचा महिना बराच काळ बरोबरीने चालले होते. असा योग लेखकाच्या वाट्याला क्वचित येतो.

आता नातीचा प्रश्न. फॉग सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो तो त्याच्या हिशेबाने ३ डिसेंबर, मंगळवारी. गावात होती २ तारीख, सोमवार. जेवण झाल्यावर तो कुठे जातो? इंग्लिश वकिलातीत, पारपत्रावर शिक्का उठवून घ्यायला. शिक्क्याबरोबर तारीख पडते. पुढे आठवडाभर आगगाडी, मग न्यूयॉर्क, मग अटलांटिक, मग आयर्लंडचे बंदर, मग लिव्हरपूलची पोलीस कोठडी. लंडनमध्ये रोज तासन्‌तास वर्तमानपत्रे वाचण्यात घालवणाऱ्या माणसाच्या नजरेस या अठरा दिवसांत एकही तारीख पडली नाही म्हणायची! त्याहून नवल न्यूयॉर्कचे. ११ डिसेंबरला रात्री सव्वाअकराला तो धक्क्यावर येतो आणि ‘चायना’ बोट पाऊण तासापूर्वी सुटून गेल्याचे कळते. गावाच्या दिनदर्शिकेत तेव्हा १० तारीख होती. बोट जर ११ ला सुटायची असेल तर ती अजून धक्क्यालाच असायला हवी. फॉगने निवांत झोप काढून दुसऱ्या दिवशी तिच्यावर चढावे. ती सुटून गेली, याचा अर्थ फॉगच्या चुकीत त्या बोटीनेही भागी केली!

हा दोष लहान नाही. कादंबरी ज्या खिळ्यावर टांगलेली आहे तोच खिळा इथे हलतो. फॉगपुरते एक समर्थन करता येईल. त्याला जग पाहायचेच नाही असे व्हर्न पहिल्यापासून सांगतो. मुंबईला उतरूनही तो शहर पाहत नाही, स्टेशनात जेवायला बसतो आणि सशाच्या नावाखाली मांजर वाढल्याचा संशय घेतो. जो माणूस गावच पाहत नाही, त्याला गावाचा वार तरी का दिसावा? लंडनचे कॅलेंडर त्याने पाठीवर कासवासारखे वाहून नेले आहे. माणूस म्हणून हे पटते. पण वकिलाचा शिक्का आणि बोटीचे सुटणे यांना स्वभावाचे कारण लागू पडत नाही. तिथे लेखक पकडला गेला, असेच म्हटले पाहिजे.

(जाता जाता आपल्या घरचेही दोन दोष नोंदवते. मुंबईहून कलकत्त्याकडे जाताना वाटेत लोहमार्ग अपुरा आहे म्हणून फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. खरे तर जबलपूरवरून तो मार्ग १८७० सालीच जोडला गेला होता. आणि ज्या औदाला तो चितेवरून सोडवतो ती मुंबईच्या व्यापाऱ्याची मुलगी, पारशी! पारशी मुलीला सती पाठवणाऱ्या लेखकाला रागवावे की हसावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

फॉगविषयी लिहिणारे त्याला ‘चालते घड्याळ’ म्हणतात, आणि मीही वर्गात तेच सांगत आले. या वाचनात माझे मत बदलले. कादंबरीतले खरे घड्याळ पासपार्तूच्या खिशात आहे. पणजोबांपासून चालत आलेले ते घड्याळ लंडनच्या वेळेवर लावलेले आहे, आणि तो ते काही केल्या बदलायला तयार नाही. सुएझला फिक्स नावाचा गुप्त पोलीस त्याला सांगतो की तू दोन तास मागे आहेस, दर गावी दुपारी बारा वाजता घड्याळ लावून घ्यावे लागते. पासपार्तूला हा वाडवडिलांचा अपमान वाटतो. घड्याळ आणि सूर्य यांचे जमत नसेल तर चूक सूर्याचीच असणार, असा त्याचा बाणा. आपण हसतो. पण पाहा, साऱ्या प्रवासात खरी वेळ एकट्या त्याच्याचजवळ आहे. लंडनमध्ये या क्षणी किती वाजले, आणि पैज तर लंडनच्या वेळेवर लागलेली, हे ते जुने घड्याळ अचूक दाखवत होते. सगळ्या जगाला एकच वेळ असावी असे जे आज म्हणतात, त्यांचा पहिला कार्यकर्ता हा खुळा नोकर आहे.

मग ते घड्याळ मालकाच्या उपयोगी का पडले नाही? याचे उत्तर व्हर्नने पॅसिफिकच्या मध्यावर देऊन ठेवले आहे, आणि कादंबरीतली मला सर्वांत आवडणारी जागा तीच. २३ नोव्हेंबरला बोट एकशेऐंशीव्या रेखांशावर येते. महिनाभर बोटीच्या घड्याळाशी भांडणारे पासपार्तूचे घड्याळ त्या दिवशी अचानक तिच्याशी जुळते. नऊ म्हणजे नऊ! तो हर्षभरित होतो, फिक्सला मनातल्या मनात चीत करतो. व्हर्न शांतपणे सांगतो की या घड्याळाची तबकडी चोवीस तासांची असती तर काटा सकाळच्या नऊवर नव्हे, रात्रीच्या नऊवर, म्हणजे एकविसाव्या तासावर दिसला असता. लंडनमध्ये रात्र होती. घड्याळ खरे बोलत होते, फक्त अर्धेच बोलत होते. दिवस की रात्र, आणि वार कोणता, हे त्याला सांगता येत नव्हते.

माझ्या मते कादंबरीचे मर्म इथे आहे. तासांचे भांडण मिटवणे सोपे, वाराचे कठीण. फॉगला सगळ्या संकटांनी मिळून जे करता आले नाही ते एका वाराने केले: आधी हरवले, मग जिंकवले.

व्हर्नला हा प्रश्न नुसता कथेपुरता सुचलेला नव्हता. १८७३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या भूगोल-मंडळापुढे त्याने रेखांश आणि दिनदर्शिका या विषयावर भाषण केले. दिवस नेमका कुठे बदलतो, हे त्या काळी कोणत्याही राष्ट्रांनी मिळून ठरवलेले नव्हते. खलाशांची वहिवाट एवढाच आधार होता. पुढे सँडफर्ड फ्लेमिंग या कॅनडातल्या रेल्वे इंजिनिअरने साऱ्या पृथ्वीसाठी एकच घड्याळ असावे ही कल्पना उचलून धरली. वेळापत्रकात सकाळ-संध्याकाळची गफलत छापली गेल्यामुळे १८७६ साली आयर्लंडमध्ये त्याची गाडी चुकली होती, असे सांगतात. चोवीस तासांना चोवीस अक्षरे द्यावीत, म्हणजे ते कोणत्याच गावाचे राहणार नाहीत, असा त्याचा आराखडा. पासपार्तूच्या घड्याळाला ज्या तबकडीची उणीव होती, ती फ्लेमिंगने काढून दाखवली.

१८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला पंचवीस राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. ग्रिनिचचा रेखांश मूळ मानायला बावीस अनुकूल, एक विरुद्ध. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. साऱ्या जगाचा म्हणून एक दिवसही त्यांनी मान्य केला, पण त्याने स्थानिक वेळेच्या व्यवहारात ढवळाढवळ करू नये, हेही त्याच ठरावात घातले. फ्रान्स पुढे सत्तावीस वर्षे पॅरिसच्या वेळेला चिकटून राहिला. १९११ साली वाकावे लागले तेव्हा कायद्यात ग्रिनिचचे नाव येऊ दिले नाही. फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ उणे नऊ मिनिटे एकवीस सेकंद, असे लिहिले! आणि याच फ्रान्सच्या एका लेखकाने, पॅरिसच्या वर्तमानपत्रात, एका फ्रेंच माणसाच्या खिशात लंडनची वेळ घालून ती जगभर मिरवून आणली होती. व्हर्नला ही थट्टा अभिप्रेत असेल-नसेल. मला ती पुस्तकातली सर्वांत खोल थट्टा वाटते. जगाची वेळ म्हणून जी येते ती कुणाच्या तरी गावाहून निघालेली असते.

मुंबईकरांना हे व्हर्नने शिकवण्याची गरज नव्हती. फॉग २० ऑक्टोबरला दुपारी साडेचारला मुंबईस उतरतो, आणि कलकत्त्याची गाडी रात्री ठीक आठला सुटणार असते. कोणते आठ? १८७० च्या आसपास आपल्याकडच्या रेल्वेत मद्रासची वेळ रूढ झाली होती, कारण वेधशाळा तिथे. मुंबई आपल्या सूर्यावर चालत होती. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर. शहराच्या घड्याळावर विसंबून ‘ठीक आठ’ला आलेल्या माणसाने रिकामा फलाट पाहिला असता. मिनिटांवर जगणाऱ्या नायकाला लेखकाने या दोन घड्याळांच्या शहरात आणले आणि तसेच कोरडे बाहेर काढले. केवढा प्रसंग हातचा घालवला!

पुढे १८८१ साली सरकारी कचेऱ्यांवर मद्रासची वेळ लादली गेली आणि ओरड झाल्यावर १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, मुंबईच्या सूर्याच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे. त्याच महिन्यात गिरणी-कामगारांनी नव्या घड्याळाविरुद्ध दगड उचलले. त्यांचे गणित साधे होते: भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी, म्हणजे अंधारात घर सोडायचे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सांभाळली. मुंबईत नगरपालिकेच्या घड्याळांवर ‘मुंबई टाइम’ पन्नासच्या दशकापर्यंत तग धरून होता. आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडात आजोबांचे खिशातले घड्याळ त्यांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, मुंबई टाइमावर होते. गाडीला जायचे असले की ते बोटांवर एकोणचाळीस मिळवीत, घड्याळाला हात लावीत नसत. पासपार्तू वाचताना मला ते आठवतात. माझ्या आईच्या लग्नाची १९४७ ची पत्रिका अजून ट्रंकेत आहे. मुहूर्ताच्या पुढे कंसात ‘स्टँ. टा.’ असे छापले आहे. कोणत्या घड्याळाने अक्षता टाकायच्या, हे निमंत्रितांना सांगावे लागत होते.

तेव्हा एका देशाची एक वेळ हीच मुळी तडजोड आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यांत पंचवीस मिनिटांचा फरक आहे; आपण तो गिळला. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी गिळला नाही, ते आपले घड्याळ तासभर पुढे ठेवतात. चीनने १९४९ पासून साऱ्या देशाला पेकिंगची एकच वेळ दिली. तिथले काशगर शहर साधारण आपल्या जळगावच्या रेखांशावर आहे, पण सरकारी घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. सिंक्यांगमधले पुष्कळ लोक म्हणून दोन तास मागची स्वतःची वेळ वापरतात. भेट ठरवताना कोणत्या घड्याळाने, हे विचारून घ्यावे लागते. कोणत्या घड्याळाने चालता यावरून तुम्ही कोणाचे, हेही तिथे कळते म्हणतात.

इतके असूनही साऱ्या जगाला एकच वेळ हवी म्हणणारे विद्वान आहेत, आणि त्यांची बाजू पोकळ नाही. विमाने, जहाजे आणि वेधशाळा आजही एकाच जागतिक वेळेवर चालतात. मग आपणही चालावे, असे ते म्हणतात. मुंबईची कचेरी दहाऐवजी साडेचारला उघडेल. सूर्य तोच, कामाचे तास तेच, आकडे तेवढे निराळे. दोन महिन्यांत अंगवळणी पडेल.

तासांपुरते मला हे मान्य आहे. अंगवळणी काय पडत नाही! पण तारखेचे काय करता? ग्रिनिचच्या मध्यरात्री सर्वत्र तारीख बदलायची, तर आपल्याकडे ती पहाटे साडेपाचला बदलेल. नरकचतुर्दशीला उटणे लावता लावता. सूर्योदयापासून दिवस मोजणारे आमचे भटजी यावर खूशही होतील. न्यू जर्सीत मात्र उन्हाळ्यात ती रात्री आठला बदलेल, जेवणाच्या ताटावर. सॅन फ्रान्सिस्कोत कचेऱ्या सुटायच्या वेळी. आणि न्यूझीलंडमधले पोर सोमवारी शाळेत जाईल ते मंगळवारी घरी येईल. पासपार्तूच्या घड्याळात जे अर्धे नव्हते, ते चोवीस तासांची तबकडी लावूनही आलेच नाही. उलट वार हाच आता निरर्थक झाला. वार म्हणजे एका झोपेपासून दुसऱ्या झोपेपर्यंतचा तुकडा. तो मधेच कापला की उरतो नुसता आकडा.

आणि समजा, हेही सोसले. मग मी रविवारी नातीला फोनवर काय विचारीन? ‘तुमच्याकडे किती वाजले’ हा प्रश्न संपला, कारण दोन्हीकडे दीडच वाजलेला असेल. तेव्हा मी विचारीन, ‘तुमच्याकडे उजाडलं का गं?’ प्रश्न उरलाच. जगाच्या वेळेने अंतर मिटत नाही, फक्त घड्याळात दिसायचे बंद होते.

दर्यावर्दी लोकांनी हे पूर्वीच ओळखले होते. जहाजावर एक घड्याळ ग्रिनिचचे ठेवायचे, आणि माथ्यावरच्या सूर्यावरून तिथली दुपार ठरवायची; दोहोंतला फरक म्हणजे आपला रेखांश. नुसत्या घड्याळाने ठिकाण कळत नाही, नुसत्या सूर्यानेही नाही. पासपार्तूजवळ एक होते, सूर्य डोक्यावर होता, आणि त्याने दोघांचे भांडण लावून दिले. फॉग तर त्या भांडणातही पडला नाही.

आमचे पंचांग या बाबतीत फॉगहून शहाणे आहे. लंकेला सूर्योदय होतो तेव्हा सिद्धपुराला सूर्यास्त, यमकोटीला मध्यान्ह आणि रोमकाला मध्यरात्र, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहून ठेवले. उज्जयिनीच्या रेखेपासून गावोगावच्या देशांतराचा संस्कार करणे हे ज्योतिषाचे रोजचे काम होते. तिथीचे पाहा. चंद्र सूर्यापासून किती अंशांवर आहे यावर तिथी ठरते, म्हणून ती जगभर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. ही खरी विश्ववेळ. पण सण कोणत्या दिवशी, हे ठरते आपापल्या गावच्या सूर्योदयावर आणि सूर्यास्तावर. २०२४ साली आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. आमच्या घरी पंचांगाप्रमाणे शुक्रवारी लक्ष्मीपूजन झाले. न्यू जर्सीत तीच अमावास्या शुक्रवारी सकाळी नऊच्या आत संपून गेली होती, म्हणून तिथे पूजा गुरुवारी. जी नात तेव्हा आमच्या साडेनऊ तास मागे, तिने लक्ष्मीपूजन आमच्या आदल्या दिवशी केले! व्हर्नला हे कुणी सांगायला हवे होते.

एवढे सगळे टिपून झाल्यावर शेवटच्या प्रकरणात मला एक गोष्ट सापडली. निघण्याच्या घाईत पासपार्तू आपल्या खोलीतला गॅसचा दिवा मालवायला विसरला होता. तो भुर्दंड त्याच्या पगारातून, असे मालकाने तेव्हाच बजावले होते. दिवसाला दोन शिलिंग, म्हणजे रोजच्या कमाईहून सहा पेन्स जास्त. अखेरीस पैजेतून उरलेल्या रकमेचा वाटा देताना फॉग गॅसचे पैसे वळते करतो: एक हजार नऊशे वीस तासांचे. ऐंशी गुणिले चोवीस, हिशेब चोख दिसतो. पण पासपार्तूने दिवा मालवला केव्हा? घरी पाऊल ठेवल्याबरोबर. आणि घरी ते आले शुक्रवारी, २० डिसेंबरच्या रात्री. २ ऑक्टोबरपासून एकोणऐंशी दिवस. म्हणजे तास अठराशे शहाण्णव. फॉगला जिंकवणारा तो जास्तीचा दिवस गॅसच्या मीटरने मोजलेलाच नव्हता. तो मीटर लंडनमध्ये एका जागी उभा होता. साऱ्या जगाला वाराचे गणित शिकवणारा लेखक दोन पाने उलटताच ते स्वतः विसरला, किंवा फॉगला अजूनही कळलेले नाही असे त्याने मुद्दाम दाखवले. मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकते, पण ते माझे प्रेम असेल.

पुढच्या रविवारी मी हे नातीला सांगितले. तिने कागदावर गुणाकार करून पाहिला; पेन्सिलीचा आवाज मला ऐकू येत होता.

“म्हणजे फॉगनं पासपार्तूचे दोन शिलिंग जास्त कापले.”

“हो.”

“आणि पासपार्तूचं घड्याळ बरोबर होतं, तरी?”

“तरी.”

ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “आजी, यंदा लक्ष्मीपूजन आमचं आधी की तुमचं?” मी तिला फोन धरून ठेवायला सांगितला आणि चष्मा शोधून पंचांग काढले.